वीणेकऱ्याच्या कमरेची किल्ली

जत्रेच्या नाटकात राजा यायचा झाला की आधी चोपदार ललकारी द्यायचा. छबुबाई कुणाच्या दारात यायची झाली की त्या घरची सासू ललकारी देते, "आली बघा पिशवीवाली!" मग पिशवी आत येते आणि पिशवीच्या मागून छबुबाई.

गेली पंधरा वर्षं ही एन्ट्री चुकलेली नाही. बीड जिल्ह्यात, लिंबागणेशच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका गावाची छबुबाई ही आशाताई. पिशवीत लोहाच्या गोळ्या, जुलाबाची पाकिटं, थर्मामीटर, निरोध, रजिस्टर, आणि अगदी तळाशी सुपारीची एक जुनी डबी. त्या डबीत एकेका गोळीची चपटी पाकिटं असतात. सरकार त्यांना तातडीचं गर्भनिरोधक म्हणतं. गाव नुसतं 'ती गोळी' म्हणतं, आणि म्हणताना इकडंतिकडं बघतं.

गोळीचं शास्त्र छबुबाईला प्रशिक्षणात मॅडमनी रंगीत चित्रं दाखवून शिकवलं होतं. चित्रं तिला आवडली, शास्त्र काही डोक्यात शिरलं नाही. घरी आल्यावर तिनं ते नवऱ्याला सांगायला घेतलं. विठ्ठलराव एसटीत तीस वर्षं कंडक्टर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे गाडी डेपोतच थांबवायची." त्या एका वाक्यानं छबुबाईच्या डोक्यात उजेड पडला. तेव्हापासून ती बायकांना असंच सांगते.

"हे बघा, पुरुषाचं बीज म्हंजे पाशिंजर. ते स्टँडवर येऊन बसतंय. चार-पाच दिस बसून ऱ्हातंय, लई चिवट. बाईचं बीज म्हंजे गाडी. ती महिन्यातून एकदा डेपोतून सुटती. ही गोळी गाडीला डेपोतच थांबवती. पाशिंजर वाट बघून बघून कटाळतेत, मरतेत. मग गाडी येती, तर स्टँड मोकळं. पण गाडी आधीच सुटली आसंल, तर गोळीचा उपेग न्हाई. आन् पाशिंजर बसून गाडी मुक्कामाला पोचली आसंल, गर्भ रुजला आसंल, तर ही गोळी त्याला उतरवत न्हाई. ती गर्भ पाडायची गोळी येगळी. ही ती न्हवं."

बायका पदराआड हसायच्या, पण त्यांना समजायचं.

समजायचं नाही ते फक्त हनुमानतात्यांना. तात्या म्हणजे देवळाचे कारभारी, वय चौसष्ट, कपाळावर बुक्का, आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाला कळू नये. गेल्या हिवाळ्यात देवळाच्या मंडपात बायकांची आरोग्याची बैठक भरली होती. छबुबाईची गाडी नुकती डेपोत थांबली होती, तेवढ्यात खांबाआडून तात्यांची एन्ट्री झाली.

"छबू, देवाच्या दारात हे काय लावलंस? येणारा जीव म्हंजे पाव्हणा. त्याला दारातून हाकलायचं?"

"तात्या, पाव्हणा अजून निघालेलाच नस्तो—"

"आन् उद्या पोरी म्हणतील, गोळी हाय की! मग कशाची लाज, कशाचा धाक?"

"तात्या, लगीन झालेल्या बायाच जास्त—"

"आन् नवऱ्याला इचारलं का?"

छबुबाईचं एकही वाक्य त्या दिवशी शेवटाला गेलं नाही. तात्या प्रत्येक वाक्य मधेच उचलायचे. रंगमंचावर मुरलेला माणूस; समोरच्याचं वाक्य कुठं तोडायचं हे त्यांना बरोबर ठाऊक. मंडपातले पुरुष माना डोलवत होते. या गावात दर दहा मुलग्यांमागं आठच मुली शाळेत दिसतात. बाकीच्या कुठं गेल्या हे याच मंडपात कुणी कधी विचारलं नव्हतं. पण डेपोतून न सुटलेल्या गाडीची काळजी त्या दिवशी सगळ्यांना लागली होती.

तरीही छबुबाईचा तात्यांवर राग नव्हता. त्याचं कारण जुनं. चाळीस वर्षांपूर्वी जत्रेत बैलगाड्या जोडून त्यांवर फळ्या टाकून नाटक व्हायचं. गॅसबत्त्या फुसफुसायच्या, पेटीवाला चौसाळ्याहून यायचा. त्या नाटकांत चोवीस वर्षांचे हनुमानतात्या बाईचं काम करायचे. नऊवारी, अंबाडा, नाकात नथ. मिशी नाटकाच्या महिनाभर आधी उतरवायचे आणि तो महिना टोमणे खात गावात फिरायचे. एका वर्षी त्यांनी गोदा केली. ठेकेदारानं फसवलेली गोदा पोटाला उशी बांधून शेवटच्या अंकात विहिरीच्या काठावर उभी राहायची, आभाळाकडं हात करायची आणि म्हणायची, "देवा, फक्त एक दिस माघारी दे रे!" मग स्टेजमागच्या कडब्याच्या गंजीवर उडी. सारं गाव रडलं होतं. आठ वर्षांची छबू आईच्या मांडीवर इतकी रडली की तिला उचलून घरी न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी तात्या धोतर नेसून पाणी भरताना दिसले तेव्हा कुठं तिला गोदा जिवंत असल्याची खात्री पटली.

यंदाच्या सप्ताहात गोष्ट घडली ती अशी.

सप्ताहातला मंगळवार. सकाळी दहाच्या सुमारास वनमाला छबुबाईच्या दारात आली. धाकटीचं वजन करायचं म्हणून आली, पण धाकटी बरोबर नव्हतीच. वनमाला म्हणजे हनुमानतात्यांची सून, बद्रीनाथची बायको. पदरी दोन मुली. दुसऱ्या बाळंतपणात बीडला तिला सहा पिशव्या रक्त चढवलं होतं, आणि डॉक्टरांनी बद्रीनाथला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुन्हा दिवस गेले तर हिच्या जिवाचं मी सांगू शकत नाही." बद्रीनाथनं मान हलवली होती. घरी येऊन ऑपरेशनचा विषय काढला तेव्हा सासूनं, बायडाबाईनं, तो एका वाक्यात मिटवला: "नातू झाल्यावर बघू." बद्रीनाथ पुण्याला टेम्पो चालवतो, सप्ताहासाठी चार दिवस घरी आला होता.

वनमाला उंबऱ्यावर बसली. "मावशी, तुमची ती गोळी तीन दिसांत घ्यायची आसती ना?"

"हां. कावून गं?"

"म्हंजे गेलंच म्हणा आता. शनिवार, आयतवार, सोमवार. तीन दिस झाले. आज चौथा." तिचा आवाज कोरडा होता. "निरोध फाटला. ह्यांना म्हणलं, आता? तर म्हणले, बघू काय होतंय ते."

"त्याला काय बघायचंय? बघायला तू हाईस की." छबुबाई बोटं मोजायला लागली आणि मधेच थांबली. "शनिवारी कधी?"

वनमालानं मान खाली घातली. "कीर्तन सुटल्यावर."

"म्हंजे दहा. अगं येडे, हा मयताचा तिसरा न्हाई, पहिला दिस धरून मोजायला! इथं घड्याळाचे तास मोजतेत. बहात्तर. आज रात्री दहाला भरतेत. पर जितका उशीर, तितका भरवसा कमी. आली असतीस की काल!"

"काल सोमवार. सासूबाईंनी पुरणाला बसवलं."

छबुबाईनं पिशवी उपडी केली, सुपारीची डबी उघडली. डबी रिकामी. शेवटची गोळी गेल्या पंधरवड्यात गेली होती. कुणाला, ते छबुबाईनं विठ्ठलरावांनाही सांगितलेलं नाही. आरोग्य केंद्रात फोन केला, तर साठा परवा येणार. शेजारच्या गावची आशा माहेरी. तिनं वनमालाला घरी पाठवलं आणि वडापची जीप पकडून चौसाळा गाठलं.

चौसाळ्यात गुफरानचं मेडिकल. गुफरान वयानं तिच्या पोराएवढा. तोंडात साखर, हिशोबात मिरची.

"आपा, बसा, च्या मागवतो. ती गोळी? न्हाई ठेवत आपा."

"कावून बे? ही काय गर्भ पाडायची गोळी हाय का?"

"मला म्हाईत हाय न्हाई म्हणून. कॉलेजात शिकलोय. पर तपासायला येणाऱ्या साहेबाला म्हाईत हाय का, ते मला म्हाईत न्हाई. पोरी पाडायच्या केशी झाल्यापासून आपल्या जिल्ह्यात गर्भ म्हणलं की सगळ्यांना घाम फुटतो, आपा. झंडू बाम ठेवतो, सुखानं ऱ्हातो."

"मग बीडला जाते."

"कशी? टोलपाशी रास्ता रोको हाय सकाळपासून. टायरं पेटलेत. माझा मालच अडकलाय की."

चहा न पिताच छबुबाई परत फिरली. घरी येईपर्यंत तीन वाजले. विठ्ठलराव ओट्यावर पान लावत बसले होते. तिनं नाव सोडून सगळं सांगितलं.

"आगं, तुझा खोका हाय की," विठ्ठलराव म्हणाले. "देवळाच्या कोठीत."

छबुबाई मटकन खाली बसली. खरंच होतं. उन्हाळ्यात तिच्या पत्र्याच्या घरात औषधं भाजून निघतात म्हणून जादाचा साठा तिनं देवळाच्या दगडी कोठीत ठेवला होता. गावात तेवढी एकच थंड जागा. परवानगी तात्यांनीच दिली होती. त्यांना वाटलं, खोक्यात जुलाबाची पाकिटं आहेत. छबुबाईनंही त्यांचा गैरसमज सांभाळून ठेवला होता. पण सप्ताहात कोठीत महाप्रसादाची साखर, डाळ, तेलाचे डबे रचलेले, आणि गेल्या वर्षी दोन डबे चोरीला गेल्यापासून कुलूप. किल्ली तात्यांच्या करदोड्याला.

आणि तात्या वीणा घेऊन उभे.

अखंड सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, याला पहारा म्हणतात. एरवी पहारा दोन तासांचा. पण तात्यांनी यंदा नवस बोलला होता: मंगळवारी पहाटे सहापासून रात्री बारापर्यंत वीणा आपल्याच गळ्यात, आणि तोंडी नामाशिवाय एक शब्द नाही. नवस कशासाठी, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. नातवासाठी.

"जुलाबाची पाकिटं पाह्यजेत म्हण," विठ्ठलरावांनी प्रॉम्प्टिंग केलं. "खुणेनं किल्ली देतेत."

हे वाक्य घोकत छबुबाई देवळात गेली. चारची वेळ. गाव जेवून पडलेलं, बायका शाळेमागच्या मांडवात डाळ निवडत बसलेल्या. मंडपात दोघेच. खांबाला टेकून टाळकरी सटवा घोरत होता, टाळ पोटावर. आणि देवासमोर तात्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, तारेवर बोट.

"राम कृष्ण हरी," तात्या म्हणाले. म्हणजे, काय काम?

छबुबाईनं तोंड उघडलं. जुलाबाचं वाक्य अगदी ओठांवर होतं. समोर गळ्यात वीणा घेतलेला, पाय सुजलेला म्हातारा होता, आणि तो ज्या नातवासाठी उभा होता त्याच्या वाटेवरच ती गाडी थांबवायला आली होती. ते वाक्य काही बाहेर येईना.

"तात्या, कोठीची किल्ली पाह्यजे. माझ्या खोक्यात ती गोळी हाय. जुलाबाची पाकिटं म्हणणार होते, पर जीभ वळली न्हाई."

"राम कृष्ण हरी!" हा पहाटेचा राम कृष्ण हरी नव्हता. हा चोर पकडल्यावरचा होता.

"हां, देवाच्या कोठीतच ठेवल्या. चुकलं माझं. आता ऐका. आज तुमाला मधी बोलता यायचं न्हाई, म्हणून माझं वाक्य पुरं व्हईल. एक बाई हाय. तिला मूल झालं तर ती जगायची न्हाई, असं डाक्टर म्हणलेत. तिच्या पोटात आज काई बी न्हाई. पाव्हणा निघालेला न्हाई, गाडी सुटलेली नसंल. रात्री दहाच्या आत गोळी गेली तर बहुतेक सुटायची बी न्हाई. दहानंतर मला बी सांगता यायचं न्हाई."

तात्यांनी भुवया वर केल्या. चेहरा रंगवलेला नसला तरी सवय जात नाही; त्या भुवयांत 'कुणाच्या घरची?' हे अक्षरन् अक्षर वाचता येत होतं.

"नाव इचारू नका. तुमची वीणा जशी खाली ठेवायची नस्ती, तसं माझ्यापाशी आलेलं नाव बी खाली ठेवायचं नस्तं."

"राम कृष्ण हरी..." हळू. मग मान वाकडी करून, एक भुवई खाली: नवरा काय म्हणतो?

"नवरा म्हणतो, बघू. सगळे बघतेतच, तात्या. निरोध त्याचा, गोळी तिची, मळमळ तिची, चोरी तिची. आन् मला बी कुठं लई आनंद हाय? मी बायांना रोज सांगते, ही रोजची गोळी न्हाई, आधी इचार करा. हिच्यामुळं पुरुष मोकाट सुटतेत, हे तुमचं म्हणणं मला बी खोटं वाटत न्हाई. पर त्याची शिक्षा तिनं कावून भोगायची?"

तात्या तारेकडं बघत राहिले. बोट चालू होतं, पण ताल कुठंतरी निसटला होता. सटवा घोरण्यात सुद्धा तालात होता.

छबुबाईचा आवाज खाली आला. "तात्या, मी आठ वर्सांची व्हते. तुमी गोदा केलती. पोटाला उशी बांधून विहिरीवर हुभं ऱ्हायलात आन् म्हणलात, देवा, फक्त एक दिस माघारी दे. मी घरी जाऊन आईला इचारलं, देवानं कावून न्हाई दिला? आईला सांगता आलं न्हाई. देवाकडं तवा नसंल. आता हाय. तुमच्या कोठीत, साखरंच्या पोत्यामागं."

मग तात्यांनी सटव्याकडं पाहिलं. सटवा गाढ. दाराकडं पाहिलं. कुणी नाही. वीणा खाली टेकायची नाही आणि किल्ली कमरेला. दोन्ही हातांशिवाय ती गाठ सुटणारी नव्हती, आणि छबुबाईनं परक्या पुरुषाच्या करदोड्याला हात घालावा हे तर नाटकातसुद्धा चाललं नसतं. उभ्या मंडपात त्यांच्याशिवाय जागं माणूस एकच होतं. तात्या एक पाऊल पुढं आले, मान वाकवून वीणा गळ्यातून काढली आणि छबुबाईच्या गळ्यात घातली.

या गावात बाईच्या गळ्यात वीणा कधी पडली नव्हती. वीणा दिसते त्याहून जड असते. छबुबाईनं तारेवर बोट टेकवलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी..." कोठीचं कुलूप वाजलं. पोती सरकल्याचा, डबा आपटल्याचा आवाज आला. सटव्यानं एक डोळा उघडला. समोर आशाताई वीणा घेऊन उभी. त्यानं क्षणभर पाहिलं, दुपारच्या बुंदीचा दोष मानला आणि डोळा मिटून घेतला.

तात्या बाहेर आले. हातात एकच पाकीट, आणि त्याच्याबरोबर खडीसाखरेचे चार खडे. कोठीतून कुणाला प्रसादाशिवाय पाठवायची त्यांची रीतच नव्हती. पाकीट त्यांनी लांब धरून डोळे बारीक करून वाचलं, छबुबाईच्या पिशवीत टाकलं आणि वीणा परत घेतली. पहारा मोडला की नाही, नवस उरला की गेला, हे त्यांनी देवाला विचारलं असेल तर मनात. तोंडानं ते एवढंच म्हणाले, "राम कृष्ण हरी." चाळीस वर्षांत छबुबाईनं इतकं लांब वाक्य ऐकलं नव्हतं.

पाच वाजता वनमालानं गोळी घेतली आणि वर खडीसाखर खाल्ली. छबुबाईनं बजावलं, "दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर मला सांग, दुसरी घ्यावी लागंल." उलटी झाली नाही, पण मळमळायला लागलं. वनमाला चुलीपुढून उठून तोंडाला पदर लावून परसात गेली आणि बायडाबाईचा चेहरा उजळला.

"अगं बाई! मळमळतंय? ह्यांचा पहारा अजून संपला बी न्हाई, आन् देव पावला!"

सात मुलांची आई असलेल्या बायडाबाईला दिवस मोजता येत नव्हते असं नाही. पण देवाच्या कामात कोण दिवस मोजतं? तिनं त्या रात्री शेजारणींना सांगितलं, सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी, उरलेल्या गावाला सांगितलं. वनमालाला दूध-तूप सुरू झालं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या ताटात आधी वाढलं जायला लागलं. ती ते खायची आणि छबुबाईला रस्त्यात गाठून कुजबुजायची, "मावशी, काय व्हईल?"

"तारीख येऊ दे. गाडी उशिरा बी सुटती कधी. आठवडा वर गेला तर तपासू. गोळी काय ब्रह्मवाक्य न्हाई." हे सांगताना छबुबाईलाही झोप नव्हती.

तीन आठवड्यांनी एकादशी आली. तात्यांच्या घरानं नारायणगडाला जायचं ठरवलं. जीप सांगितली, नारळ घेतले. सून पोटुशी, तिला गडावर नेऊन पाया पाडायचं, असा बायडाबाईचा बेत. सकाळी सातला जीप दारात उभी राहिली, आणि बायडाबाईचा आवाज थेट छबुबाईच्या ओट्यापर्यंत आला.

"आजच कावळा शिवायचा व्हता का हिला! आता गडावर कशी नेऊ?"

छबुबाई हातातला तांब्या तसाच टाकून निघाली. तात्यांच्या परसात, गोठ्याच्या सावलीला, वनमाला वेगळ्या पोत्यावर बसली होती. वेगळा तांब्या, वेगळं ताट. चार दिवस कुणाला शिवायचं नाही, देवापुढं जायचं नाही. एवढं सगळं वाळीत पडलेलं आणि इतकं आनंदी माणूस छबुबाईनं कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी," वनमाला म्हणाली, आणि पुढं तिला बोलताच येईना.

"चौथ्या दिशी उपकेंद्रात ये. तीन महिन्यांचं इंजेक्शन हाय. आता गोळीच्या भरवशावर बसू नको. आन् बद्रीला फोन लाव. म्हणावं, बघून झालं का?"

वळली तर मागं तात्या उभे. नवं धोतर, हातात नारळाची पिशवी. त्यांनी गोठ्याकडं पाहिलं, वनमालाकडं पाहिलं, मग छबुबाईकडं. जुना नट, एखादं वाक्य न बोलता किती वेळ धरून ठेवायचं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"छबू," ते शेवटी म्हणाले, "माझं म्हणणं काय बदललं न्हाई. ती गोळी वाईटच."

"हां तात्या."

"पुढच्या बैठकीत मी तसंच बोलणार."

"बोला की."

त्यांनी खिशात हात घालून एक नवी कोरी किल्ली काढली. "चौसाळ्यातून करून आणली. वीणा गळ्यात आसली की मला हात रिकामा नस्तो. तुझा खोका तिथंच ऱ्हाऊ दे. थंड जागा हाय."

जीप निघाली. गडावर तात्यांनी नारळ फोडला आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. परतताना बायडाबाईनं विचारलं, "अवो, मागितला का पुन्हा नातू? का दुसरंच काय मागितलं?"

तात्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "राम कृष्ण हरी."